बोचक्यात कुणाचं काय



दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं की घराघरांतून एक बोचकं निघतं. दिवाणाखालून, माळ्यावरून, नाहीतर धान्याच्या कोठीमागून. जुन्या साडीत घट्ट गाठ मारून बांधलेलं. आत काय आहे ते घरात एकीलाच ठाऊक असतं, आणि 'टाकून दे एकदाचं ते' असं म्हणायचा अधिकार मात्र सगळ्यांना असतो. नवऱ्याच्या जुन्या मासिकांचे गठ्ठे, मुलाची तुटकी बॅट, सासऱ्यांनी जपलेल्या विजेच्या बिलांची फाईल, ही सगळी सामानात मोडतात. कापडाच्या तुकड्यांना तेवढं पसारा म्हणतात.

या अंकाची बैठक आमच्यातल्या एकीच्या घरी होती. ती शिवणकाम करते. आम्ही पोचलो तेव्हा खोलीभर कापड पसरलेलं होतं आणि ती ओशाळून ते भराभर कवेत घेऊन कोंबायला लागली होती. "बसा गं, दोन मिनिटांत आवरते." आम्ही तिला थांबवलं. कुणीतरी खाली बसून एक तुकडा हातात घेतला, 'हे कुठलं?' म्हणून विचारलं, आणि बैठक राहिली बाजूला. दोन तास आम्ही पाचजणी तिचं बोचकं निवडत होतो. संपादकीयाचा विषय खरं तर दुसराच ठरला होता. तो आता पुढच्या अंकात.

काय काय होतं त्यात! टू बाय टू रुबियाचे उरलेले ब्लाऊजपीस, अस्तराचं कापड, परकराचं पॉपलीन, फॉलच्या गुंडाळ्या, खणाचे काठ, आईच्या विरलेल्या शालूची कापून ठेवलेली जर, मुलीच्या पहिल्या झबल्यातला वीतभर तुकडा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात हुक, टिचबटणं, इलॅस्टिकची वेटोळी, बॉबिनी, खडू. औषधाच्या बाटलीत मणी. लोकरीचे गुंडे आणि त्यात खुपसलेल्या क्रोशाच्या सुया. भरतकामाची एक रिंग होती, तिच्यात अर्धा मोर. चौदा वर्षांपूर्वी सुरू केलेला. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी सुई खाली ठेवली ती ठेवलीच. वर्तमानपत्रावर कापलेले ब्लाऊजचे बेत तर चाळीसएक निघाले, प्रत्येकावर पेन्सिलीने खूण: 'वरच्या मजल्याच्या काकू, गळा खोल नको'.

एक कात्रीही होती, कापडाच्या घडीत लपवून ठेवलेली. का लपवायची, हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. कापडाच्या कात्रीने कागद कापला की तिची धार जाते, आणि घरातल्या प्रत्येकाला दुधाची पिशवी कापायला नेमकी तीच कात्री सापडते. सांगून, रागावून, बाहेर दुसरी कात्री टांगून ठेवूनही. नवऱ्याच्या दाढीच्या ब्लेडने कुणी पेन्सिलीला टोक करत नाही. आम्ही हसलो खऱ्या, पण कामाचं हत्यार स्वतःच्याच घरात लपवून ठेवावं लागतं, याला काय म्हणायचं?

आता निवडण्याविषयी. पहिल्यांदा आम्ही आपलं रंगावारी लावायला लागलो, दुकानात असतं तसं. ती म्हणाली, "असं नाही करायचं." मग तिने शिकवलं. आधी सुती वेगळं आणि पॉलिएस्टर वेगळं. हाताला कळलं नाही तर कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिएस्टरचा आकसून कडक मणी होतो. सुती आणि अस्तर भिजवून वाळवूनच ठेवायचं, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि गिऱ्हाईक आपल्या नावाने बोटं मोडतं. लाल आणि गडद निळा यांचा रंग कच्चा निघण्याची भीती, म्हणून ते पांढऱ्याच्या शेजारी ठेवायचे नाहीत. ब्लाऊजभर कापड एका गठ्ठ्यात, बाहीपुरतं किंवा योकपुरतं दुसऱ्यात, त्याहून लहान ते गोधडीत. प्रत्येक घडीला चिठ्ठी टाचायची: लांबी, पन्हा, कुठून आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर पावसाळ्यात आत दमट होऊन बुरशी धरते, त्यापेक्षा जुने उशीचे अभ्रे बरे. वाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचा तुकडा टाकला की कसर लागत नाही. पाऊस गेल्यावर भाद्रपदाच्या उन्हात सगळं एकदा गच्चीवर घालायचं, गच्ची असेल तर.

हे सगळं तिला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. शिवणक्लासात बेत काढायला शिकवतात. कापड राखायला घरोघरीच्या बायका शिकल्या आहेत, फाटक्या नऊवारीचे थर लावून, धावदोरा घालून वाकळी शिवता शिवता. हे ज्ञान आहे असं मात्र त्यांना कुणी कधी सांगितलं नाही.

तर आम्ही सुती वेगळं आणि पॉलिएस्टर वेगळं करत होतो. अर्ध्या तासाने लक्षात आलं की खोलीत खरं म्हणजे तीन बोचकी आहेत, आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत. एक तिचं स्वतःचं. दुसरं गिऱ्हाइकांचं: शिवायला आलेलं कापड, फॉल-पिकोला आलेल्या साड्या. त्यातल्या दोन साड्या दोन वर्षं न्यायला कुणी आलेलं नाही, पण हरवल्या तर भरून द्यायच्या तिनेच. आणि तिसरं, सगळ्यांत मोठं, ठेकेदाराचं. कापलेल्या गणवेशांचे गठ्ठे: काज करायचे, बटणं लावायची, धागे कापायचे, घडी घालून डझनाने बांधायचे. दहा बाय बाराच्या खोलीत माणसं पाच आणि हे गठ्ठे. मुलं त्यांच्यावर पाय ठेवून पलीकडे जातात. रात्री ते दारापाशी सरकवल्याशिवाय अंथरुणं पडत नाहीत. पावसात छत गळलं तर आधी गठ्ठे उचलायचे, मग पोरं. ही शेवटची गोष्ट तिने हसत सांगितली. आम्हांला हसू आलं नाही.

ठेकेदार भाव देतो तो डझनाचा. गठ्ठे आणायला ती स्वतः जाते. आणल्यावर सोडायचे, आकारावारी लावायचे, कमी-जास्त मोजायचे, डागाळलेला तुकडा आधीच बाजूला काढायचा, कारण नंतर दाखवला तर तो डाग तिचा. बटणं मोजून घ्यायची. मग काम. मग पुन्हा मोजणं आणि बांधणं. यातलं शिवण तेवढं भावात धरलेलं आहे. बाकीच्याला ती स्वतःच 'आवरणं' म्हणते. सरकारी वेळ-वापर पाहणीचा माणूस उद्या दारात आला आणि सकाळी काय केलंत म्हणून विचारलं, तर ती सांगेल, 'घर आवरलं'. २०२४ च्या पाहणीत घरातली बिनमोल कामं करणाऱ्या बायका त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं निघालं, आणि ती कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. ठेकेदाराचा माल लावण्यात गेलेला आमच्या मैत्रिणीचा तासही कदाचित त्या २८९ मध्येच जमा व्हायचा.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. त्याच्या जोडीला १८४ क्रमांकाची शिफारस आहे. आपल्या चळवळीत कराराचा उल्लेख बऱ्याचदा होतो, शिफारस कुणी फारशी वाचत नाही. ती वाचावी अशी आहे. घरून काम करणाऱ्याला वीज, पाणी आणि यंत्राची देखभाल यांचा खर्च भरून मिळाला पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. आणि पुढे असंही, की माल निवडणं, सोडणं, बांधणं, हत्यारं बदलणं, यंत्राची निगा राखणं यांत जाणाऱ्या वेळेचाही मोबदला मिळाला पाहिजे. म्हणजे आम्ही पाचजणी त्या दुपारी जे करत होतो ते काम आहे, हे जिनिव्हात केव्हाच लिहून झालं आहे. भारताने करार मंजूर केलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली, मालकाने साधनं किंवा कच्चा माल दिला असो वा नसो ती कामगारच, एवढं तरी त्यात मान्य झालं. पण खोलीचा जो कोपरा मालकाचं गोदाम झाला त्याचं भाडं कुणी द्यायचं, यावर काही नाही. मालकाने गोदाम घेतलं असतं तर भाडं भरलं असतं, दिवा लावला असता, राखणदार ठेवला असता. ते सगळं एका बाईच्या खोलीत फुकट झालं.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो, पण लिहितो. धागे कापायचं काम तिची अकरा वर्षांची मुलगी करते. शाळेतून आल्यावर. 'हात हलका आहे तिचा,' असं आई कौतुकाने सांगते. डझनाचा भाव असा बांधलेला आहे की मुलीचे हात धरल्याशिवाय तो परवडत नाही, आणि हे ठेकेदाराला माहीत असतं. आईला दोष देऊन आपण मोकळ्या होऊ शकत नाही. पण गप्पही बसता येत नाही.

अहमदाबादच्या दरियापूर भागातल्या बायकांची हकिगत या निमित्ताने पुन्हा आठवली. बहुतेक मुसलमान, बऱ्याचशा घराबाहेर फारसं न पडणाऱ्या. गिरण्यांतून निघालेली चिंधी व्यापारी त्यांना द्यायचा, त्या घरी बसून तिच्या खोळी शिवायच्या आणि नगावारी पैसे घ्यायच्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला त्या 'सेवा' संघटनेत आल्या. त्यांनी भाव वाढवून मागितला तेव्हा व्यापाऱ्यांनी काय केलं? चिंधी देणं थांबवलं. हात होते, मशीन होतं, कसब होतं, आणि घरात शिवायला तुकडा नाही. तेव्हा संघटनेने स्वतःच चिंधी मिळवायची खटपट केली आणि त्यातून त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. आपल्याकडे सोलापूरच्या गणवेशांत काय आणि धारावीच्या तयार कपड्यांत काय, माल कुणाचा या प्रश्नापाशीच भावाची बोलणी अडतात. म्हणून आपल्या मैत्रिणीचं ते लहानसं, स्वतःचं बोचकं आम्हांला महत्त्वाचं वाटतं. ठेकेदाराने आठ दिवस काम दिलं नाही तरी त्यातून दुपटी, पिशव्या, पायपुसणी शिवून ती ते आठ दिवस काढू शकते. आठ दिवस थांबता आलं तर 'या भावात नाही जमायचं' हे वाक्य तोंडातून निघतं.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यातच. बाईला काहीतरी द्यायचं ठरलं की शिलाई मशीन देतात. जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं देत आल्या आहेत. २०२३ पासूनच्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामही आहे आणि हत्यारांसाठी १५,००० रुपये मिळतात. मशीन हवंच आहे, नाही कोण म्हणतं? पण मशीनच्या डाव्या हाताला कापड ठेवायला फळी लागते, आणि ती ज्या भिंतीला ठोकायची ती भिंत तिची नसते.

ती भिंत सोडून निघावं लागलं तर काय, याचा अनुभव आपल्या प्रत्येक सल्लाकेंद्राला आहे. बाई नेसत्या साडीनिशी येते. सामानाची यादी करायला बसलो की दागिने, भांडी, कपाट इथपर्यंत ती सांगते. मशीनचं नाव निघालं की थबकते. 'ते त्यांनीच घेतलं होतं,' म्हणते. खोदून विचारलं की कळतं, हप्ते तिने ब्लाऊज शिवून फेडले, बिलावर नाव मात्र नवऱ्याचं. कापड, दोरे, फॉलचा साठा यांचं तर ती नावही काढत नाही. त्यातही तिचे काही हजार अडकलेले असतात.

या थबकण्याला मोठी परंपरा आहे. कात्यायनाचं म्हणून धर्मशास्त्रकारांनी जपलेलं एक वचन आहे. स्त्रीने शिल्पाने, म्हणजे हाताच्या कसबाने मिळवलेल्या धनावर नवऱ्याची सत्ता, असं ते सांगतं. माहेरचं, प्रेमाने दिलेलं ते स्त्रीधन. घाम गाळून मिळवलेलं मात्र त्याचं! १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने हे पुसलं. संपूर्ण मालकीच्या संपत्तीत, बाईने स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळवलेली संपत्ती येते असं त्याच्या स्पष्टीकरणात शब्दांनिशी लिहिलं आहे. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तर सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. स्त्रीधन आणि तिच्या हक्काची इतर मालमत्ता तिला परत द्या, असा आदेश दंडाधिकारी त्याखाली देऊ शकतात. पण आदेश मागायचा तर काय परत हवं ते सांगता आलं पाहिजे. तिथे यादी लागते, आणि यादी भांडणाच्या रात्री होत नसते.

शिवणाऱ्या बाईच्या खोलीबद्दल आणखी एक. वस्तीत कुणाच्या घरी मारहाण चालते हे पोलिसांच्या, आपल्या, कित्येकदा माहेरच्यांच्याही आधी तिला कळतं. माप घेताना दंडावरचे वळ दिसतात. 'या वेळी बाही कोपराच्या खाली घे हं,' असं ऐन मे महिन्यात कुणी सांगितलं की ती समजते. आमची मैत्रीण म्हणाली, "मी काही विचारत नाही. नुसती म्हणते, कापड इथंच राहू दे, ट्रायलला उद्या परत ये." उद्या परत यायला कारण हवं ना! आपल्या केंद्रात येणाऱ्या कितीतरी जणी अशाच एखाद्या ताईने पाठवलेल्या असतात. तिच्या मापांच्या वहीत काय काय नोंदलेलं असतं आणि काय मुद्दाम नोंदलेलं नसतं! ती वही कुणाच्या हाती पडू नये हेही बोचकं आवरताना पाहायला हवं.

स्वतःकडेही बोट दाखवू या. दारावर बोहारीण येते. आपण जुन्या साड्या काढतो, तिच्या टोपलीतल्या स्टीलच्या पातेल्याकडे बघतो आणि मग सुरू होते घासाघीस. ती साडी उजेडात धरून विरलेली जागा दाखवते, आपण काठ चांगला आहे म्हणून सांगतो. एक साडी जास्त घालावी लागली तर दिवसभर चुटपुट. तिला त्या साड्या धुऊन, निवडून, बाजारात बसून विकायच्या असतात. तिचं गाठोडं हे तिचं दुकान आहे, हे आपल्यातल्या कितीजणींच्या ध्यानात असतं? ठेकेदार आपल्या मैत्रिणीशी बोलतो तो सूर आणि आपला दारातला सूर यांत फरक किती, हे ज्याचं त्याने पाहावं.

त्या दुपारी शेवटी आम्ही तीन बोचकी वेगळी बांधली. तिच्या स्वतःच्या कापडाची आणि सामानाची यादी तिच्याच अक्षरात एका वहीत लिहिली: मशीन, त्याचं साल, किती हप्ते, कुणाकडे भरले, कात्री, सुती किती मीटर, अस्तर किती. लिहून झाल्यावर तिने बेरीज केली आणि पुन्हा केली. तिला वाटलं होतं त्याच्या तिपटीहून जास्त रक्कम निघाली. ठेकेदाराच्या मालाची वही वेगळी: आणलेला दिवस, डझन, बटणं, आधीच डागाळलेले नग, आणि शेवटच्या रकान्यात निवडण्या-बांधण्यात गेलेला वेळ. तो रकाना काढताना ती म्हणाली, "हा कुणाला दाखवू?" आम्ही म्हटलं, आधी आम्हांला दाखव.

म्हणून ही विनंती. ज्या गटांत शिवणकाम, गोधड्या, काज-बटण, फॉल-पिको, भरतकाम करणाऱ्या जणी आहेत, त्यांनी पुढचे तीन महिने अशी वही ठेवावी. लिहिता येत नसेल तर मुलीकडून नको, गटातल्या कुणाकडून लिहून घ्यावी. मशीन नवं घ्याल तेव्हा बिल स्वतःच्या नावावर करावं, जुन्याचं नसेल तर हप्त्याच्या पावत्या शोधाव्यात. सगळ्या सामानाचा फोटो काढून तो मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेवावा. वह्यांवर नावं न घालता त्यांतले आकडे आपण पुढच्या अंकात एकत्र छापू. एकटीचा रकाना ठेकेदार हसून सोडून देईल, दोनशेजणींचा तसा सोडता येणार नाही.

आपल्या कार्यालयातल्या मोठ्या कपाटाचे खालचे दोन कप्पे जुन्या अंकांनी अडले होते. ते आम्ही रिकामे केले आहेत. ज्यांना घरात सुरक्षित जागा नाही त्यांनी आपली मापांची वही, बिलं आणि लागलं तर कापडही तिथे आणून ठेवावं. किल्ल्या दोन आहेत. एक कार्यालयात टांगलेली असते, दुसरी आपल्या त्या मैत्रिणीकडे दिली आहे. कप्प्यांत कडुनिंबाचा पाला घालून ठेवला आहे.

संपादक मंडळ